दंडावरची खूण

आपल्या वस्तीत पन्नाशी ओलांडलेल्या कोणाही माणसाची बाही वर करून पाहा. देवीच्या लसीचे गोल, खोलगट वण सापडतील. त्याच्याहून लहान माणसाच्या डाव्या दंडावर बीसीजीचा बारका वण दिसेल. आपला इतिहास कोणत्याच पोथीत नाही, असं आपण नेहमी म्हणतो. ते खरंच आहे. पण सरकारनं आपल्या अंगावर जे लिहून ठेवलं, ते तरी आपण वाचलं का?

शहरातल्या शाळांमधून लेकरांपर्यंत दवापाणी कसं पोचलं, कोणाच्या हातानं पोचलं आणि कुठं अडलं, हे इथं मांडायचं आहे. डोळ्यापुढं आपली अमरावती आहे, आपलं अकोला आहे. पण सुरुवात मुंबईपासून करावी लागते, कारण लस तिथून आली.

१४ जून १८०२ ला मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या पोरीला देवीची लस टोचली. या देशातली ही पहिली यशस्वी लस. तेव्हा बर्फ नाही, शीतपेटी नाही. लस जिवंत ठेवायची तर ती एका लेकराच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात न्यावी लागायची. एकाला फोड आला की आठवडाभरानं त्यातला द्रव काढायचा आणि दुसऱ्याला टोचायचा. अशी लेकरांची साखळी करून लस पुणं, सुरत, हैदराबाद करत देशभर गेली.

आता प्रश्न असा की साखळीतलं लेकरू कोणाचं? वरच्या जातीचे मायबाप आपल्या लेकराच्या फोडातला द्रव काढू द्यायला तयार नसायचे. मग टोचणारा गोरगरिबांच्या, खालच्या मानलेल्या जातींच्या वस्तीत शिरायचा आणि तिथलं लेकरू उचलायचा. आणि त्या दंडातली लस वरच्या घरी नेली की तिथं नवीन ओरड, हिच्यानं आमचं लेकरू बाटते! आमचा दंड चालत नाही, पण दंडातलं औषध लागते. हा पेच एकोणिसाव्या शतकभर चालला. शेवटी शतक सरताना वासराच्या अंगावर लस तयार व्हायला लागली आणि बाटायची भीती मिटली. वासरू चाललं.

वऱ्हाड १८५३ ला निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. कापसाच्या बाजारानं अमरावती वाढली, अकोला वाढलं. जिनिंग आले, रेल्वे आली, नगरपालिका आल्या. प्राथमिक शाळा आणि देवीची लस, ही दोन्ही कामं नगरपालिकेच्या गळ्यात पडली. शाळा आणि सुई एकाच दप्तरात बसल्या, त्या तेव्हापासून. देवी काढणारा आला की आयाबाया लेकरं कोठीत लपवायच्या. त्याला अडाणीपणा म्हणायची रीत आहे. पण ज्या सरकारचा माणूस वस्तीत फक्त वेठ सांगायला नाही तर पट्टी वसूल करायला यायचा, त्याच्या हातात सुई पाहून माय लेकरू लपवील नाही तर काय करील?

या देशात शाळेत डॉक्टरी तपासणीची पहिली सोय बडोदा संस्थानात १९०९ साली झाली. सयाजीरावांचं बडोदा. ज्यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेत शिकले, तेच सयाजीराव. त्यांच्याबद्दल आपल्या मनात आदर आहे आणि तो राहणारच. पण हेही लिहून ठेवलं पाहिजे की कोलंबियाहून शिकून आलेल्या बाबासाहेबांना त्याच बडोदा शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशाच्या धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावानं बाहेर काढलं. त्या शहरात लेकरांची तपासणी सुरू झाली होती, पण माणसाला हात लावायची तयारी नव्हती.

तपासणी म्हणजे काय हो? डॉक्टर पापणी खाली ओढून रगत पाहते, जीभ पाहते, पोट दाबते, छातीला नळी लावते. सगळं काम हाताचं आहे. आणि सातारच्या शाळेत बाबासाहेबांना बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं. तहान लागली तर शिपायानं वरून पाणी ओतायचं, शिपाई नसला तर पाणी नाही. जिथं लेकराच्या हाताला नळाची तोटी वर्ज्य, तिथं लेकराच्या छातीला डॉक्टरची नळी कशी लागणार?

हा नुसता तर्क नाही. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र १९२९ च्या डिसेंबरात ‘यंग इंडिया’त छापून आलं होतं. बाबासाहेबांनी ते आपल्या आठवणींत नोंदवलं आहे. शिक्षकाची बायको बाळंत झाली, दोन दिवसांनी दुखणं वाढलं. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. नगरशेठची रदबदली झाली, फी ठरली, तेव्हा तो आला तो वस्तीच्या बाहेरपर्यंत. दोन दिवसांच्या बाळंतिणीला बाहेर आणावं लागलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्यानं नवऱ्याला, नवऱ्यानं बायकोला. तसाच तो परत गेला. डॉक्टरनं दुरूनच न्यूमोनिया सांगितला. ती बाई मेली. डॉक्टर होता, औषध होतं, फीसुद्धा दिली होती. नव्हता तो हात.

त्याच्या दोन वर्षं आधी, १३ नोव्हेंबर १९२७ ला, अमरावतीत वऱ्हाडच्या अस्पृश्यांची परिषद भरली होती. अध्यक्ष बाबासाहेब. विषय अंबादेवीच्या देवळाचा. देवळाची लढाई देवासाठी होती असं समजणाऱ्यांनी महाड आठवावं. त्याच साली मार्चमध्ये चवदार तळ्यावर ओंजळ भरली होती. माणसाच्या हाताचा हक्क, मग तो पाण्यावर असो की उंबऱ्यावर, हाच मुद्दा होता. पुढच्या साली पंजाबराव देशमुख अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. आरोग्य खात्याच्या इतिहासात या विहिरीची नोंद कोणी करत नाही. मी म्हणतो, पहिली नोंद तिचीच करा. ज्या वऱ्हाडात पटकीनं वस्त्याच्या वस्त्या बसल्या, तिथं चांगलं पाणी हीच पहिली लस होती.

आणि त्याहून आधी एक मास्तरीण होऊन गेली. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. यशवंतरावांनी हडपसरजवळ दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोरगं सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात पोचवलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. शाळा आणि दवाखाना यांच्यात अंतर किती असते, ते त्या बाईनं पायानं मोजलं. चिठ्ठी लिहून ‘पुढच्या दवाखान्यात जा’ म्हटलं नाही. पुढची सगळी गोष्ट या एका मापानं मोजायची आहे.

स्वातंत्र्य दारात असताना, १९४६ ला, भोर समितीनं अहवाल दिला. शाळेतली आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच आणि आहे तिथं अर्धीकच्ची आहे, असा तिचा निष्कर्ष होता. १९६० ला रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्याची खास समिती बसली आणि पुढच्या साली तिचा अहवाल आला. मधल्या काळात, १९५१ पासून, बीसीजीची मोहीम देशभर सुरू झाली. पथकं शाळाशाळांत जाऊन आधी हातावर परीक्षेची सुई टोचायची आणि मग गरज असेल त्याला लस. शाळेत एका रांगेत पाटलाचं पोरगं, तेल्याचं, महाराचं, सगळे बाही वर करून उभे. ही रांग लहान गोष्ट नव्हती. कित्येकांच्या जन्मात अशी सरमिसळ रांग पहिल्यांदा सुईपुढं लागली असेल. हे श्रेय घटनेचं आहे, आणि त्या पथकांतल्या साध्या कामगारांचंही. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी उरला नाही. हे काम सरकारनं करून दाखवलं, हे आपण मान्य करू.

पण लस म्हणजे एका दिवसाचं काम. टोचली, वहीत खूण केली, पथक पुढच्या गावाला. जिथं लेकरामागं महिनोन्‌महिने उभं राहावं लागते, तिथं काय झालं?

मधल्या सुट्टीतल्या खिचडीचं पाहा. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना आली, पण शिजवून देण्याऐवजी ऐंशी टक्के हजेरीवर महिन्याला तीन किलो धान्य घरी. तीन किलो धान्य घरात आलं की ते सगळ्या घराचं होते, लेकराच्या पोटात किती जाते? शेवटी २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं हुकूम केला की अन्न शिजवूनच द्या. आणि एप्रिल २००४ ला त्याच न्यायालयाला आणखी सांगावं लागलं की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या. न्यायालयाला हे काहून सांगावं लागलं? कारण प्रश्न तांदळाचा नव्हता, पळी धरणाऱ्या हाताचा होता. १८०२ चा दंड आणि २००४ ची पळी यांच्यात दोनशे वर्षं गेली, भीती तीच.

आता शाळेतल्या तपासणीवर येऊ. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या लेकरांची तपासणी, पथकात डॉक्टर, औषध देणारा, नर्सबाई. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. तोटा निघाला तर मोठ्या दवाखान्यात फुकट उपचार. त्याशिवाय आठवड्याला लोहाची गोळी, २०१५ पासून जंताची गोळी, २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम. कागदावर पाहिलं तर एवढं आपल्या बापजाद्यांना सपनातही मिळालं नव्हतं.

मग अडते कुठं? एक, ही शाळा-तपासणी शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या लेकरांसाठी आहे. जे पोट्टं शाळेच्या पटावर नाही, मायबापासोबत वीटभट्टीवर आहे, ऊसतोडीला गेलं आहे, ते त्या दिवशी कोणाच्या यादीत येणार? पोट काटून वस्तीतल्या कॉन्व्हेंटात घातलेलं लेकरूही सुटते. दुसरं, चिठ्ठी. पथकानं हृदयात आवाज ऐकला, कान वाहताना पाहिला, चिठ्ठी देऊन इर्विनला जा म्हटलं, अकोल्यात सर्वोपचारला जा म्हटलं. वस्तीतली माय विचारते, “चिठ्ठी तं देल्ली बाप्पा, पन रोजी कोन देईन?” एक दिवस केसपेपर, एक दिवस साहेब रजेवर, एक दिवस मशीन बंद. तीन खेटे म्हणजे तीन दिवसांची मजुरी. चिठ्ठी फडताळात जाते आणि लेकराचा आजार वाढतो.

खर्चाच्या उपचाराचंही तसंच. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत आली, त्यात अमरावती होती. अकोला नव्हतं. अकोल्याला नोव्हेंबर २०१३ ची वाट पाहावी लागली. दोन शहरांत शंभर किलोमीटरचंही अंतर नाही. एकाच आजाराची दोन लेकरं, एक मूर्तिजापूरच्या अलीकडलं आणि एक पलीकडलं, सोळा महिने वेगवेगळ्या देशांत राहिली.

आता शेवटची आणि सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट, सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, सांधे ठणकतात, लेकरू रात्रभर कण्हते. विदर्भात हा आजार आदिवासींत आणि आपल्या समाजात मोठा आहे. हा कोणाच्या पापाचा, जातीचा दोष नाही. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, जिथं मलेरिया माजला तिथं हा गुण टिकला, कारण एका बाजूनंच वारसा मिळालेल्या वाहकाला तो मलेरियापासून थोडं राखते. दोन्ही बाजूंनी मिळाला तरच आजार. मायबाप दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता.

नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापला तो १९५८ साली. राष्ट्रीय निर्मूलन मिशन सुरू झालं १ जुलै २०२३ ला. मधे पासष्ट वर्षं! या पासष्ट वर्षांत आपल्या शाळांत किती लेकरांना मास्तरांनी ‘आळशी’ म्हणून बाकावर उभं केलं असेल, ‘रोज बुट्टी मारते’ म्हणून पटावरून काढलं असेल, ते आता कोण मोजणार? रक्त आपलं घेतलं, निबंध झाले, पदव्या झाल्या. घेतलेल्या थेंबाचा निकाल घरी मात्र पोचला नाही. १८०२ ला फोडातला द्रव नेला होता. फरक काय?

आज बोटातला एक थेंब घेऊन शाळेतच पहिली चाचणी होऊ शकते. हायड्रॉक्सियुरियासारखं औषध आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलला जागा आहे, त्यामुळे प्रमाणपत्राचा, परीक्षेतल्या सवलतीचा हक्क लागतो. पण कार्ड हातात देऊन थांबलं तर ते कार्ड नवीन गोणपाट होईल. “त्या घरची पोरगी नको, तिच्यात शिकल हाये” असं आपल्याच वस्तीत बोललं जाते, तेही ऐकून घेतलं पाहिजे. शिवाशिव फक्त वरून येत नाही, ती आपण घरातही पाळायला लागतो. चाचणी दोघांचीही करायची असते. पोरीचं कार्ड पाहायचं आणि पोराचं लपवायचं, हे चालणार नाही.

मग करायचं काय? मोर्चा काढायचा तेव्हा काढूच. त्याच्या आधी एक काम हातात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिचे चारात तीन सदस्य पालक, निम्म्या बाया, आणि दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा. तिथं आपली माणसं नुसती सही करायला जातात. त्यांनी एक वही ठेवावी. पथक कोणत्या तारखेला आलं, किती लेकरांना चिठ्ठी दिली, त्यातली किती लेकरं दवाखान्यात पोचली, किती बरी झाली. आणि कोणती लेकरं त्या दिवशी पटावरच नव्हती. दर महिन्याला ही वही समितीत वाचावी आणि तिची नक्कल महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला द्यावी. ज्या मायला रोजी बुडते म्हणून जाता येत नाही, तिच्या लेकरासोबत वस्तीतल्या एकानं पाळीपाळीनं जावं.

हे काम सरकारचं आहे आणि ते सरकारनंच केलं पाहिजे, यात वाद नाही. पण वहीतला आकडा समोर ठेवल्याशिवाय सरकारला उत्तर द्यावं लागत नाही, हे दीडशे वर्षांत आपण शिकलो आहोत. सुईची खूण आपल्या दंडावर आहे. चिठ्ठीचं पुढं काय झालं, त्याची खूण या वहीत करायची आहे.