यंत्रांतून उतरणारा देव

गोष्ट ऐन रंगांत यावी, नायक चोहोंकडून कोंडला जावा, आणि शेवटच्या दोन पानांत लेखकानें कोठून तरी एखादी दैवी शक्ति किंवा अद्भुत शोध आणून त्यास सोडवावें, हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. सुंठीवांचून खोकला जातो खरा. परंतु फसवणुकीचा सल वाचकाच्या मनांत राहतो. या युक्तीचा इतिहास फार जुना आहे.

ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत अथेन्सच्या नाट्यगृहांत, देवाचें सोंग घेतलेल्या नटास दोरांनीं उचलून वर दाखविणारें एक यंत्र असे. युरिपिडीसच्या ‘ओरेस्टीस’ नाटकांत (ख्रि. पू. ४०८) नायक एका कुमारिकेच्या गळ्यावर तलवार धरून उभा असतां अपोलो देव प्रकटतो, आणि तिच्याशींच विवाह करण्याची त्यास आज्ञा देतो! अँटिफेनीस या विनोदी नाटककारानें थट्टा केली कीं, बोलावयास कांहीं उरलें नाहीं म्हणजे शोकनाटककार बोट उचलावें तसें यंत्र उचलतात. कथेची उकल कथेंतूनच व्हावी, असें अ‍ॅरिस्टॉटलनेंही पुढें बजावलें. आणि दोषाचें उदाहरण म्हणून युरिपिडीसच्याच ‘मीडिया’चें नांव घेतलें.

विज्ञानकथेंत देवाची जागा शास्त्रानें घेतली, तरी मोह सुटला नाहीं. झूल व्हर्नच्या ‘रहस्यमय बेट’ या कादंबरींत (१८७४-७५) संकटांत सांपडलेल्यांस हत्यारांची पेटी, क्विनाईन, सर्व कांहीं अदृश्य हातानें मिळतें. तो हात कॅप्टन नेमोचा, हा उलगडा व्हर्न करितो. पुढें ज्वालामुखीनें बेट नष्ट होतें, आणि उघड्या खडकावर मरणोन्मुख पडलेल्यांस ऐन वेळीं ‘डंकन’ जहाज वांचवितें. नेमोनें दुसऱ्या बेटावर ठेविलेल्या चिठ्ठीमुळें तें आलें, हें वाचकास मागाहून कळतें.

याच्याशीं एच. जी. वेल्सची ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ (१८९८) ताडून पाहावी. मंगळावरील स्वारांपुढें इंग्लंडच्या तोफा हतबल होतात. आणि अखेर ते मरतात क्षुद्र रोगजंतूंनीं! हाही काकतालीय न्यायच, असें कित्येकांस वाटतें. परंतु वेल्स जीवशास्त्र शिकलेला. पहिल्याच परिच्छेदांत तो सूक्ष्मदर्शकाखालील जीवांचा दृष्टांत देतो. पुढें, मंगळावर असे जंतु नाहींत, हेंही सांगून ठेवितो. शेवट अनपेक्षित असला तरी त्याचें बीज आरंभींच पेरलेलें आहे. शिवाय विजयाचें श्रेय मनुष्यास न मिळाल्यानें सामर्थ्याचा गर्वही उतरतो.

शाळेंत गणिताचें उत्तर बरोबर आलें, तरी रीत मांडल्यावांचून आम्ही पूर्ण गुण देत नसूं. मुलांच्या हातीं अद्भुत कथा अवश्य द्याव्यात; मात्र संकटांतील सुटका आकाशांतून पडते, अशी संवय त्यांच्या बुद्धीस लागूं नये. म्हणून गोष्ट संपल्यावर त्यांस एवढेंच विचारावें: “शेवट आवडला ना? मग त्याची खूण आधीं कोठें होती, तें दाखव पाहूं!”