‘मुंबई स्पेशल’ : आजोबांच्या घड्याळाची साक्ष

जळगाव शहरात सामावून गेलेल्या पिंप्राळ्यातील एखादे जुने घर आवरताना आजोबांचे मनगटी घड्याळ हाती लागते. तबकडी गर्द निळी, तिच्यावर ‘फेवर ल्युबा’ हे नाव झळझळीत. चावी दिली की ते चालू लागते. हे अस्सल असेल का, याचा शोध घेणाऱ्या नातवाला लवकरच एक शब्द भेटतो : ‘मुंबई स्पेशल’. जगभरचे संग्राहक तो हेटाळणीने वापरतात. जुने स्विस यंत्र, नव्याने रंगवलेली तबकडी आणि दोन-तीन घड्याळांचे सुटे भाग जुळवून भारतात सिद्ध झालेले घड्याळ, असा त्याचा अर्थ.

ही हेटाळणी निराधार नाही, पण अपुरी आहे.

फेवर ल्युबाचा मुंबईशी संबंध १८६५ पासूनचा. ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’चे नावही मुंबईच्या बाजारातच रुजले, तिच्या ‘सोवार’ घड्याळाच्या नावात आपला घोडेस्वार बसलेला आहे. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर कडक निर्बंध आले. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरमध्ये एचएमटीची घड्याळे तयार होऊ लागली, तरी स्विस घड्याळाची ओढ सुटली नाही आणि चोरट्या आयातीचा धंदा तेजीत राहिला. घड्याळे आली, त्यांचे सुटे भाग थोडेच सोबत येणार? घामाने आणि पावसाळी ओलीने तबकडी काळवंडली की ती खरवडून पुन्हा रंगवणे, तुटलेला भाग दुसऱ्या मृत घड्याळातून काढून बसवणे, हाच व्यवहार्य मार्ग होता. पुढे संग्राहकांची मागणी वाढली, तसा याच कसबाचा उपयोग बनावटीसाठी होऊ लागला.

मग पारख कशी करावी? या प्रश्नाची परंपरा खानदेशाला परकी नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात निवर्तले आणि लगेच १९२७ मध्ये तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. जुना कागद हाती आला की अभ्यासक केवळ मजकुरावर विसंबत नाही. कागद, शाई, वळण, शिक्का आणि कालगणना एकमेकांशी जुळतात का, हे तो पाहतो. घड्याळात तबकडी म्हणजे मजकूर. बदलायला सर्वांत सोपी, म्हणून साक्षीदार म्हणून सर्वांत कच्ची.

तरीही तीच आधी वाचावी. भिंगाखाली मूळ छपाई रेखीव दिसते. पुनर्छपाईत अक्षरे फुगीर होतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांपासून सरकतात, सेकंदाचे छोटे वर्तुळ काट्याच्या मध्यापासून ढळते. कालविसंगती तर फारच बोलकी. अंधारात चमकणाऱ्या खुणांसाठी रेडियमच्या जागी ट्रिटियम वापरण्याची पद्धत १९६० च्या दशकात रुळली आणि तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ शब्दाच्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे रोमन अक्षर दिसू लागले. दुसऱ्या महायुद्धातले म्हणून विकल्या जाणाऱ्या घड्याळावर हा ‘टी’ असेल, तर निदान ती तबकडी त्या युद्धातली नव्हे.

त्यानंतर मागचे झाकण. ते मात्र जाणत्या कारागिराकडूनच उघडून घ्यावे. यंत्राच्या पायाभूत पट्टीवर, बहुधा बॅलन्स व्हीलच्या खाली, यंत्र बनवणाऱ्याची खूण आणि कॅलिबरचा क्रमांक असतो. अनेक स्विस कंपन्या दुसऱ्यांची यंत्रे विकत घेत, त्यामुळे परकी खूण दिसली एवढ्याने घड्याळ खोटे ठरत नाही. त्या मॉडेलमध्ये ते यंत्र बसत होते का, हे पाहावे लागते. इन्काब्लॉक ही धक्कारोधक रचना १९३० च्या दशकातली. पहिल्या महायुद्धातले म्हणवणाऱ्या यंत्रात ती सापडली तर प्रश्न तिथेच मिटतो. तबकडीच्या मागचे पायही तपासावेत. यंत्रातल्या भोकांशी ते जुळत नसतील, किंवा कापून टाकून तबकडी चिकटवली असेल, तर ती दुसऱ्या घड्याळाची आहे.

समजा, यंत्र फेवर ल्युबाचेच निघाले आणि निळी तबकडी पुन्हा रंगवलेली ठरली. मग आजोबांची फसवणूक झाली होती का? दप्तरांत जीर्ण झालेल्या अस्सल पत्राची नक्कल करून ठेवत आणि तिच्यावर ‘नक्कल’ असे लिहीत; वतनाच्या भांडणात हक्क लाटण्यासाठी मात्र बनावट कागद तयार होत. दोन्ही मूळ कागद नव्हेत, पण त्यांना एका तागडीत तोलणारा अभ्यासक चूक करील. स्वतःचेच घड्याळ वर्षानुवर्षे वापरून तबकडी रंगवून घेणारा माणूस आणि तेच ‘मूळ अवस्थेत’ म्हणून विकणारा माणूस यांतही तेवढाच फरक आहे. पहिल्याच्या घड्याळाला बाजारात कमी भाव येईल. मात्र ते त्याचे नव्हते, असे त्यावरून म्हणता येत नाही.

हा फरक ठरवणारा पुरावा कधी कधी झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. दुरुस्ती करणारे कारागीर तिथे सुईसारख्या टोकाने बारीक खूण, आकडा किंवा तारीख कोरून ठेवत. कागदावरच्या शेऱ्यांसारख्या या नोंदी एकावर एक साचतात, आणि घड्याळ किती वेळा कोणाच्या हाताखालून गेले याचा थोडाफार माग त्यांतून लागतो. झाकण चकाकवण्याच्या हौसेत त्या सहज पुसल्या जातात. म्हणून पॉलिश करण्यापूर्वी झाकणाची आतली बाजू तिरप्या उजेडात धरून तिचे छायाचित्र काढून ठेवावे.