नागपूर ते मुंबई विमानप्रवास: अंतर ६८० किलोमीटर, मग दीड तास का लागतो?

नागपूर ते मुंबई हवाई अंतर साधारण ६८० किलोमीटर आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा असून तोही भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतच जातो. विमान सरळ रेषेत थेट विमानतळावर पोहोचतं, त्यामुळे त्याचं अंतर कमी भरतं.

ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास उडणाऱ्या विमानाला एवढ्या अंतरासाठी ५० मिनिटं पुरायला हवीत. तिकिटावर मात्र दीड तासाच्या आसपास वेळ दिसते. मग उरलेली ४० मिनिटं जातात कुठे?

तिकिटावर असतो तो ‘ब्लॉक टाइम’. विमान नागपूरच्या पार्किंगमधून हलल्यापासून मुंबईत पार्किंगमध्ये थांबेपर्यंतचा हा वेळ. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं हे सगळं यातच येतं. चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं. त्यात मुंबईच्या जुन्या विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. कंपन्या हा वेळ आधीच धरून चालतात. त्यामुळेच कधीकधी उशिरा सुटलेलं विमानही ‘वेळेत’ पोहोचतं!

वाऱ्याचाही थोडा हात असतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. नागपूरला जाताना ते पाठीशी असतात, मुंबईकडे येताना समोरून. एवढ्या छोट्या प्रवासात फरक काही मिनिटांचाच.

पण ब्लॉक टाइम लक्षात ठेवायचं खरं कारण वेगळं आहे. डीजीसीएच्या नियमांनुसार प्रवाशांचे हक्क यावरच ठरतात. ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असेल आणि विमानाला २ तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशांना खाणंपिणं द्यावं लागतं. पूर्वसूचना न देता कंपनीने स्वतःच्या कारणाने विमान रद्द केलं तर भरपाई मिळते. १ ते २ तासांच्या विमानासाठी ती ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यापैकी जे कमी असेल तेवढी. नागपूर-मुंबई याच गटात येतं. धुकं, वादळ अशा कारणांना मात्र ही भरपाई लागू नाही. काउंटरवर हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही, विचारावं लागतं.

आणखी एक. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे. तिकिटावर बीओएम असेल तर सांताक्रूझ-अंधेरीकडचा जुना विमानतळ, एनएमआय असेल तर उळवे-पनवेलकडचा नवा. मुंबईहून पुढे परदेशी विमान पकडायचं असेल तर हे कोड बुकिंग करतानाच तपासा. दोन्ही विमानतळांमध्ये खाडी आहे आणि मुंबईचं ट्रॅफिकही. नागपूरहून येताना वाचवलेला सगळा वेळ तिथे सहज जाऊ शकतो.