ट्रॅक डेसाठी गाडीला विंग लावताय? आधी डाउनफोर्सचं गणित समजून घ्या

चेन्नईजवळच्या 3.717 किमी लांबीच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर मी माझी हॅचबॅक मागे मोठी विंग लावून नेली होती. हळू वळणांवर काहीच फरक जाणवला नाही. वेगाच्या वळणावर मात्र स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ गवताकडे निघाली. विंगमध्ये काही दोष नव्हता, माझं गणित चुकलं होतं. ते गणित इथे सोपं करून मांडतो.

डाउनफोर्स म्हणजे काय?

विमानाचा पंख उलटा केला की तो वर उचलण्याऐवजी खाली दाबतो. गाडीचं वजन न वाढता टायर रस्त्यावर जास्त दाबले जातात, म्हणून ग्रिप वाढते. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. 1.4 मीटर लांब, 25 सेंमी रुंद आणि लिफ्ट गुणांक 1 असलेली विंग धरली, तर:

- 60 किमी/तास: सुमारे 6 किलो
- 100 किमी/तास: सुमारे 16.5 किलो
- 150 किमी/तास: सुमारे 37 किलो

फक्त मागे विंग लावली तर?

विंग मागच्या चाकांच्याही मागे असते, त्यामुळे गाडी सी-सॉसारखी वागते. व्हीलबेस 2.45 मीटर असेल आणि विंग मागच्या एक्सलपासून 70 सेंमी मागे असेल, तर 150 च्या वेगाला मागच्या चाकांवर सुमारे 48 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून सुमारे 11 किलो कमी होतात. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये गाडी ओढणं, वळवणं आणि ब्रेकिंगचा मोठा भाग ही सगळी कामं पुढची चाकंच करतात. तीच हलकी झाली की अंडरस्टिअर होणारच.

मग फक्त पुढे स्प्लिटर?

हे जास्त धोक्याचं. पुढची ग्रिप वाढते, मागचा भाग वेगात हलका राहतो आणि गाडी गर्रकन फिरू शकते. म्हणून पुढे स्प्लिटर आणि मागे छोटी विंग अशी जोडीच बघा. स्प्लिटर बंपरच्या प्लास्टिकला नाही, तर आतल्या धातूच्या सांगाड्याला बोल्टने बसवा. आपण त्यावर उभं राहिलो तरी तो वाकता कामा नये. वेगात तुटून चाकाखाली गेला तर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही हातातून जातात.

गाडी चालवताना काय बदलायचं?

1. सरळ रस्त्याच्या शेवटी वेग जास्त असतो, तेव्हाच ब्रेकचा सगळ्यात मोठा दाब द्या. वेग उतरतो तसा डाउनफोर्सही उतरतो, म्हणून पाय हळूहळू सैल करा. नाहीतर चाकं लॉक होतात किंवा एबीएस मध्ये पडतं.
2. वळणाच्या मध्यावर घाबरून ऍक्सिलरेटर एकदम सोडू नका. वजन पुढे जातं, मागची चाकं सुटतात.
3. 'वेग वाढव, गाडी आपोआप चिकटेल' हे फॉर्म्युला वनच्या गाड्यांसाठी ठीक आहे. एक टनाच्या गाडीवर 37 किलो म्हणजे चार टक्केही नाही. वळायला लागणारं बळसुद्धा वेगाच्या वर्गानेच वाढतं.

दोष कुठे आहे हे कसं ओळखायचं?

गाडी हळू वळणावर नीट वळते आणि फक्त वेगाच्या वळणावर बाहेर जाते, तर एरो बॅलन्स तपासा. दोन्हीकडे बाहेर जात असेल तर टायरचा दाब, अलाइनमेंट, सस्पेन्शन किंवा आपलं ड्रायव्हिंग बघा. विंगखाली लोकरीचे छोटे धागे चिकटवून व्हिडिओ काढा. धागे सरळ मागे वाहत असतील तर ठीक. उलटसुलट फडफडत असतील तर हवा विंगपासून सुटतेय, म्हणजे कोन कमी करा. आणि कोड डीबग करताना करतो तसंच, एका वेळी एकच बदल करा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

पैसे आधी कशावर घालायचे?

चांगले टायर, ब्रेक पॅड, ताजं ब्रेक फ्लुइड आणि हेल्मेट. यांचा फायदा 40 च्या वळणावरही मिळतो. विंग सगळ्यात शेवटी. मी माझी काढून ठेवली, आणि पुढच्या वेळी तेच वळण गवतात न जाता पार पडलं.