बाल्कनीची केबिन आणि हाजींचा डेक

हल्ली वर्धा-नागपूरकडची माणसंही क्रूझवर जाऊ लागली आहेत. कुणी निवृत्तीनंतर, कुणी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, तर कुणी मुलाने तिकीट काढून दिलं म्हणून. मुंबई-गोवा मार्गावर २०१८ साली 'आंग्रिया' सुरू झाली, २०२१ पासून 'कॉर्डेलिया'चं मोठं जहाज मुंबईहून निघू लागलं. मग स्टाफरूममध्ये चर्चा रंगते ती एकाच गोष्टीवर. आतली बिनखिडकीची खोली घ्यावी, खिडकीची घ्यावी, की जास्तीचे पैसे मोजून बाल्कनीची? आणि घेतलीच बाल्कनी, तर ते पैसे वसूल कसे करावेत?

प्रश्न अगदी आजचा वाटतो. पण समुद्रावर माणसाला किती जागा मिळावी, कोणती मिळावी आणि त्या जागेत त्याने काय करावं, हा विषय आपल्याकडे फार जुना आहे. आपल्या म्हणजे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या गिरडसारख्या गावाकडेही. इथल्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे नवस बोलतात, टेकडीवरचे गोल दगड म्हणजे व्यापाऱ्यांच्या मालाचे झालेले दगड अशी कथा सांगतात. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि वाटेतलं वर्धा मुंबईला जोडलं गेलं. त्यानंतर या मुलखातला माणूस हजला निघाला की त्याचा मार्ग ठरलेला असे: बैलगाडी, रेल्वे, मुंबईचा मुसाफिरखाना आणि मग आगबोट. ज्याने आयुष्यात तळ्याहून मोठं पाणी पाहिलेलं नसे, तो एकदम अरबी समुद्रावर जाऊन पडे. तोही बाल्कनीत नव्हे, डेकवर.

त्याआधीची तीन शतकं हा मान सुरतेचा होता. सुरतेला 'बाब-उल-मक्का', म्हणजे मक्केचं दार म्हणत. अकबराची आत्या गुलबदन बेगम आणि जनानखान्यातल्या इतर स्त्रिया १५७६ साली सुरतेहून हजला गेल्या, त्या 'सलीमी' आणि 'इलाही' या जहाजांतून. पुढे वाफेचा जमाना आला आणि सुरतेची जागा मुंबईने घेतली. भोपाळच्या सिकंदर बेगम १८६३-६४ च्या सुमारास हजला गेल्या आणि त्यांनी त्या प्रवासाचं वर्णन लिहून ठेवलं. बेगमांना जहाजावर पडदा मिळे, खोली मिळे, नोकरचाकर मिळत. बाकीच्या हजारोंना मिळे ती फळ्यांवर सतरंजी पसरण्यापुरती जागा.

१८६९ साली सुवेझ कालवा खुला झाला आणि तांबड्या समुद्रातली वाहतूक वाढली. १८७७ साली मुंबईत 'बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' निघाली. हीच पुढे 'मोगल लाइन' झाली. 'अलवी', 'रिझवानी', 'इस्लामी', 'मोहम्मदी', 'मुझफ्फरी', 'अकबर', 'नूरजहाँ' ही तिच्या जहाजांची नावं. जुन्या घरांतून ही नावं नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जात. "दादा रिझवानीने गेले होते," एवढं म्हटलं की पिढी कळे.

या जहाजांवर वर थोड्या केबिन असत, पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या. बाकी सगळे डेकचे उतारू. त्यातही दोन प्रकार पडत. एक उघडा वरचा डेक, आणि दुसरा त्याच्या खालचा बंदिस्त मजला. खाली ऊन-पाऊस लागत नसे, पण हवा नसे. वर हवा असे, पण लाट आली की बिछाना भिजे. सुरुवातीच्या काळात यात्रेकरू शिधा घरूनच नेत आणि डेकवर चुली मांडून रांधत. भांडीकुंडी, पीठ, डाळ, लाकूड, पाण्याची घागर आणि कफनाचं कापड, एवढा संसार एका सतरंजीभोवती मांडलेला असे.

गर्दी किती असावी याला धरबंध नव्हता, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली. १८६५ साली मक्केत कॉलरा पसरला आणि हाजींबरोबर इजिप्तमार्गे युरोपात गेला. तिथून पुढे हाजींची जहाजं हा जगातल्या सरकारांच्या चिंतेचा विषय झाला. १८८० च्या ऑगस्टमध्ये 'जेद्दा' नावाचं जहाज साडेनऊशेच्या आसपास यात्रेकरूंना घेऊन सिंगापूर-पिनांगकडून येत होतं. वादळात त्यात पाणी शिरलं. तेव्हा कप्तान आणि त्याचे गोरे अधिकारी होडीत बसून निघून गेले आणि जहाज बुडाल्याचं त्यांनी एडनला पोचून सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ते 'बुडालेलं' जहाज दुसऱ्या बोटीने ओढत एडनला आणलं. यात्रेकरू जिवंत होते, कारण त्यांनी पाणी उपसत राहून ते तरंगत ठेवलं होतं. जोसेफ कॉनरॅडची 'लॉर्ड जिम' ही कादंबरी या घटनेवर उभी आहे. मात्र तिचा नायक पळून गेलेला अधिकारी आहे. पाणी उपसणाऱ्यांपैकी कुणाचंही नाव साहित्यात आलेलं नाही.

सरकारने उपाय केले नाहीत असं नाही. १८८६ साली हजची व्यवस्था टॉमस कुक या प्रवासी कंपनीकडे सोपवली गेली. जगाला सहली शिकवणारी ही कंपनी काही वर्षं हाजींना पोचवत होती. १८९५ मध्ये यात्रेकरू जहाजांसाठी वेगळा कायदा झाला. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी मुंबईहून हज बंदच करण्यात आला. जहाज सुरू असे तेव्हाही येमेनच्या किनाऱ्याजवळच्या कामरान बेटावर उतरून क्वारंटाइनमध्ये राहावं लागे, कपडे वाफेत घालावे लागत. १९२९ साली हज चौकशी समिती नेमली गेली, १९३२ साली बंदरांवरच्या हज कमिट्यांचा कायदा आला. १९३७ च्या सुमारास भारतीय मालकीच्या सिंदिया कंपनीने 'एल हिंद' आणि 'एल मदिना' या बोटी आणल्या, तेव्हा मोगल लाइनशी भाड्याची अशी स्पर्धा लागली की यात्रेकरूंचा काही काळ फायदाच झाला. या दोन्ही बोटी १९४४ साली नष्ट झाल्या. 'एल मदिना' जपानी पाणबुडीने बुडवली, 'एल हिंद' मुंबई गोदीच्या स्फोटात गेली.

हे सगळं कष्टाचं झालं. पण डेकवरच्या माणसाला डेकचं शहाणपणही येई, आणि बाल्कनीचे पैसे वसूल करायचे असतील तर ते आजही उपयोगी आहे.

पहिली गोष्ट, बोट लागणे. जहाज पुढेमागे डुलतं तेव्हा टोकं जास्त वर-खाली होतात, मधला भाग कमी. उंचावर गेलं की हेलकावा वाढतो. म्हणून पोट नाजूक असेल तर सर्वांत वरची, सर्वांत पुढची बाल्कनी घेऊ नये. मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी. मळमळ सुरू झाली तर आत पडून राहण्यापेक्षा बाहेर येऊन क्षितिजाकडे बघत बसावं. डेकवाल्याला क्षितिज फुकट मिळे. केबिनवाल्याला त्यासाठी उठून यावं लागे.

दुसरी गोष्ट, ऊन. इंग्रजीत थाटाच्या माणसाला 'पॉश' म्हणतात. तो शब्द जहाजावरच्या सावलीच्या बाजूवरून आला अशी गोष्ट सांगतात: जाताना डावी, परतताना उजवी. पण असा शिक्का असलेलं एकही तिकीट पी अँड ओ कंपनीच्या कागदांत सापडलेलं नाही. शब्दाची कथा खोटी असली तरी सावलीचा हिशेब खरा आहे. मुंबईहून एडनकडे, म्हणजे पश्चिमेला जाताना डावा हात दक्षिणेला येतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून डाव्या बाजूला ऊन, उजव्या बाजूला सावली. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, तेव्हा हिशेब उलटतो. मुंबईहून गोव्याला जाताना तोंड दक्षिणेला, म्हणून किनारा आणि सकाळचं ऊन डावीकडे, मावळतीचा सूर्य उजवीकडे. सूर्यास्त बघायचा की कोकणचा किनारा, हे ठरवून बाजू मागावी.

तिसरी गोष्ट, सामान. गांधीजी १९३१ च्या ऑगस्टमध्ये गोलमेज परिषदेला निघाले ते 'राजपुताना' जहाजाने, दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर. दिवस आणि रात्री त्यांनी बहुतेक डेकवरच काढल्या. प्रार्थना तिथेच, सूतकताई तिथेच, झोपही तिथेच. सोबत्यांनी फार सामान घेतलंय हे कळल्यावर त्यांनी जास्तीच्या पेट्या एडनहून परत पाठवायला लावल्या. पुढे काही वर्षांनी हाच माणूस आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामच्या कुटीत राहायला आला. ती कुटी पाहिलेल्याला राजपुतानाचा डेक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जागा लहान असली की ती वस्तूंनी भरायची नसते, हा धडा दोन्हीकडे एकच आहे.

चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, ती म्हणजे दिशा. आपण हिंदुस्थानी मुसलमान जन्मभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढतो. आपल्या बोलण्यात किब्ला आणि पश्चिम हे जवळजवळ एकच शब्द आहेत. मुंबई सोडताना डेकवरही तसंच असे. पण जहाज एडनजवळ आलं की मक्का वायव्येकडे सरकलेली असे. तांबड्या समुद्रात शिरल्यावर ती उत्तरेला येई. यलमलमच्या समोर आलं की जहाजावर खबर दिली जाई, लोक एहराम बांधत, आणि राजा-रंक ओळखू येणार नाहीत अशा दोन पांढऱ्या कापडांत 'लब्बैक'चा गजर सुरू होई. त्या घटकेला केबिन आणि डेक यांतला फरक निदान कपड्यांपुरता संपे. आणि जेद्दाला उतरल्यावर पाहावं तर किब्ला पूर्वेला! ज्या दिशेला आयुष्यभर पाठ होती, तिकडे तोंड. दिशा आपल्या नसतात, आपण कुठे उभे आहोत यावर त्या ठरतात, हे पुस्तकातून सांगून वर्गात पटत नाही. डेकवरच्या अडाणी माणसाला ते आठ-दहा दिवसांत, रोज पाच वेळा थोडं थोडं वळत, अंगाने समजे. विमानाचा हाजी पाच-सहा तासांत तिथे असतो. त्याच्या हातात किब्ला दाखवणारा मोबाइल असतो, पण ते वळणं त्याच्या वाट्याला येत नाही.

बाल्कनीचा जमाना बराच नंतरचा. १९८४ साली 'रॉयल प्रिन्सेस' हे जहाज आलं. त्यातली एकही खोली आतली नव्हती, प्रत्येकीला समुद्र दिसे, आणि पुष्कळ खोल्यांना बाल्कनी होती. तेव्हापासून स्वतःचा समुद्र विकत घेण्याची चाल पडली. गंमत पाहा, साधारण त्याच काळात आपली डेकची परंपरा संपत आली. मोगल लाइन १९८६ साली शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली आणि मुंबई-जेद्दा समुद्रमार्गाचा हज १९९५ मध्ये थांबला.

बाल्कनीला नावं ठेवण्यासारखं काही नाही. डेकवर बाई-माणसाला आडोसा नव्हता, आजाऱ्याला शांतता नव्हती. बाल्कनीत दोन्ही मिळतं. म्हातारी आई असेल, तान्हं मूल असेल तर ती जरूर घ्यावी. फक्त बाजूच्या बाल्कनीशी मधे एक भिंत असते, आणि डेकवर ती नव्हती. वऱ्हाडचा, कोकणचा, बिहारचा माणूस शेजारी शेजारी सतरंज्या टाकून बसे. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी अशा जहाजांवर भेटत, आणि इतक्या परक्या पाण्यावर कुणीतरी मराठीत बोलतंय याचा वर्ध्याकडच्या माणसाला किती धीर येत असेल, याची कल्पना करता येते. म्हणून बाल्कनी घ्या, फजरच्या आधी उठून त्यात बसा, तारे बघा. पण दिवसातला एक तास तरी सगळ्यांच्या डेकवर काढा.

आणि एक काम क्रूझचं तिकीट न काढताही करता येईल. शेवटच्या बोटीने गेलेला तरुण हाजीसुद्धा आता म्हाताऱ्यात जमा आहे. आपल्या मोहल्ल्यात, गावात असे कुणी असतील तर त्यांच्याजवळ बसा. जहाजाचं नाव विचारा, साल विचारा, जागा वर मिळाली होती की खाली, शेजारी कोण होतं, रांधलं काय, यलमलम आल्याचं कसं कळलं ते विचारा आणि वहीत उतरवून घ्या. बेगमांनी आपले सफरनामे लिहून ठेवले. डेकवाल्यांचे कुणी लिहिले नाहीत, आणि लिहायला फार वर्षं उरलेली नाहीत.