मध्यमवयातील विस्मरण

मध्यमवयातील विस्मरण म्हणजे साधारणतः ४० ते ६५ या वयोगटात नावे, शब्द, ठरलेल्या वेळा किंवा वस्तू ठेवल्याच्या जागा पूर्वीइतक्या सहज न आठवणे. बहुतेक व्यक्तींमध्ये हा वयपरत्वे होणारा सामान्य बदल असतो. काहींमध्ये मात्र ती उत्तरायुष्यातील स्मृतिभ्रंशाची, म्हणजेच डिमेन्शियाची, पूर्वखूण ठरू शकते.

स्वरूप

वयानुसार मेंदूची माहिती हाताळण्याची गती मंदावते. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या 'व्हाइटहॉल २' या अभ्यासात ४५ ते ४९ वयोगटातही दहा वर्षांत तर्कक्षमतेत ३.६ टक्के घट आढळली. सामान्य विस्मरणात विसरलेली गोष्ट काही वेळाने किंवा सूचक शब्द मिळताच आठवते. लग्नपत्रिका कोठे ठेवली हे विसरणे सामान्य होय. त्या लग्नाला जाऊन आल्याचेच न आठवणे चिंताजनक होय. तोच प्रश्न वारंवार विचारणे, परिचित रस्ता चुकणे आणि नेहमीचे हिशेब न जमणे हीही गंभीर लक्षणे आहेत.

स्मृतिभ्रंशाशी संबंध

अल्झायमर आजारात मेंदूत अमायलॉइड प्रथिन साचण्यास लक्षणांपूर्वी १५ ते २० वर्षे सुरुवात होते. आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये वर्णन केलेली रुग्ण ऑगस्ट डेटर १९०१ मध्ये रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा ती ५१ वर्षांची होती. इतक्या लवकर लक्षणे दिसणे मात्र विरळ आहे. चाचण्या सामान्य असूनही स्मृती कमी झाल्याची तक्रार करणाऱ्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते. तरीही अशी तक्रार असणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींना हा आजार होत नाही.

अन्य कारणे

नैराश्य, अपुरी झोप, झोपेतील श्वासरोध, थायरॉइड ग्रंथीची मंदावलेली क्रिया, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मद्यपान, काही औषधे आणि रजोनिवृत्तीचा काळ यांमुळेही विस्मरण होते. यांपैकी अनेक कारणांवर उपचार उपलब्ध आहेत. त्यामुळे 'वय झाले' असे म्हणून तक्रार सोडून दिल्यास बरा होऊ शकणारा त्रासही तसाच राहतो.

धोक्याचे घटक

'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ घटक नमूद आहेत. ते सर्व दूर झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे. यांतील उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल, श्रवणदोष, धूम्रपान, लठ्ठपणा आणि व्यायामाचा अभाव हे घटक प्रामुख्याने मध्यमवयाशी निगडित आहेत.

निदान

विस्मरण वाढत असल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. तीत पूर्वेतिहास, रक्त तपासणी, ३० गुणांच्या स्मृतिचाचण्या आणि गरजेनुसार मेंदूचे एमआरआय चित्रण यांचा समावेश असतो. निकटच्या नातेवाइकांचे निरीक्षण महत्त्वाचे असते, कारण आजार वाढत जातो तसे रुग्णाला स्वतःचे विस्मरण जाणवेनासे होऊ शकते.

भारतातील स्थिती

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अंदाजानुसार, भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या मराठी चित्रपटात या आजाराने ग्रासलेल्या संस्कृत विद्वानाची कथा आहे.