लाल कोट आणि रिकामे खोगीर

इंग्रजांच्या खोकडाच्या शिकारीत पोशाखावरूनच मान कळे. मानकऱ्यांचा कोट लालभडक, पण त्याला म्हणायचे ‘पिंक’! शिकारीच्या प्रमुखापुढे कुणी घोडा काढायचा नाही, हा दंडक. पुण्या-खडकीत साहेबांनी हाच खेळ कोल्ह्यामागे मांडला. २००४च्या कायद्याने इंग्लंडातच ही शिकार बंद झाली.

घोड्याचा मान आमच्या लोणंदलाही ठाऊक आहे, पण निराळा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी इथून तरडगावला निघाली, की वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण होते. अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन घोडे धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार. दुसऱ्याची पाठ रिकामी, ती माउलींची. त्याच्या टापांखालची माती वारकरी कपाळी लावतात. मोहरमच्या मिरवणुकीत इमाम हुसेनांचा जुलजनाहही रिकाम्या पाठीनेच चालतो. कोटाचा मान कोटाबरोबर गेला. रिकाम्या खोगिरापुढे माणसे आजही वाकतात.